मेलेल्या बैलापासून विहिरीतल्या हरणापर्यंत : नाशिकभोवतीचे चार दिवस

नाशिकला जायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्या घरी ठरलेलं असतं. पंचवटी, काळाराम, जमलं तर त्र्यंबक, सकाळी मिसळ, आणि निघताना द्राक्षांची पेटी. या जानेवारीत मामांनी फोनवरच सांगून टाकलं, "या वेळी देवळं नाहीत. चार दिवस काढून या, मी नेतो तिकडे यायचं. आणि पोराला पांढरे बूट घालून आणू नकोस."

मामा विजेच्या कामातून रिटायर होऊन सात वर्षं झाली. नोकरीत खांबावर चढायचे तेव्हापासून त्यांना पक्ष्यांचं वेड. तारेवर कोण बसलंय हे बघायची सवय लागली ती सुटलीच नाही. त्यांच्याकडे एक जाड रेघी वही आहे. त्यात घरच्या दूधवाल्याचा हिशोब आणि कोणत्या खांबावर कावळ्याचं घरटं होतं, या नोंदी शेजारीशेजारी सापडतात. मी, सहावीतला माझा मुलगा, मामा आणि त्यांची जुनी व्हॅगनआर असा लवाजमा होता. मामी पहिले तीन दिवस फिरायला आल्या नाहीत, तिसऱ्या संध्याकाळी येऊन मिळाल्या. का, ते पुढे कळेल.

पहिला दिवस : बोरगड

कल्याणहून सकाळची गाडी पकडली आणि जेवायच्या वेळेला मामांच्या घरी. मामांनी जेवण उरकायलाही नीट दिलं नाही, चावी हलवत दारात उभे.

जाता जाता त्यांनी उलट्या दिशेला, सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर गाडी घातली. २०१५च्या पर्यावरण दिनाला इथे हजारो नाशिककरांनी येऊन देशी झाडं लावली, त्या खड्ड्यांत एक खड्डा मामांचा. आता तिथे चांगली देवराई उभी राहिली आहे. "हे झाड माझं," मामा म्हणाले. मुलानं हळूच मला सांगितलं, की मागच्या दिवाळीत आजोबांनी दुसरंच झाड दाखवलं होतं.

बोरगड शहराच्या उत्तरेला, पेठ रस्त्यानं गेलं की रामशेज किल्ल्याच्या शेजारचा डोंगर. रामशेज सगळ्यांना ठाऊक असतो, मोगलांना वर्षानुवर्षं दाद न दिलेला. बोरगडाकडे मात्र कुणी मुद्दाम जात नाही. वास्तविक २००८ साली महाराष्ट्रातलं पहिलं राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो हा डोंगर. आकार काही मोठा नाही, साडेतीन चौरस किलोमीटर. तरी त्याची गोष्ट मोठी आहे, कारण राज्यात नंतर जी अशी क्षेत्रं झाली त्यांना वाट इथून मिळाली.

अभयारण्य म्हटलं की गावाच्या पोटात गोळा येतो. उठवतील का, गुरं बंद होतील का? २००२च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात ही मधली वाट आली : जमीन सरकारची, पण क्षेत्र जाहीर करण्याआधी गावाशी बोलायचं, आणि कारभार पाहणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असायचाच. इथे निसर्गप्रेमी बिश्वरूप राहा आणि त्यांच्या 'नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक'च्या मंडळींनी बरीच वर्षं खटपट केली. मामांनी तेव्हा त्यांचे स्लाइड शो पाहिलेले. "पक्षी दाखवायचे आणि शेवटी चुलीबद्दल बोलायचे," मामा म्हणाले. "मला तेव्हा कळायचं नाही, पक्ष्यांचा आणि चुलीचा काय संबंध."

तो संबंध पायथ्याच्या वाडीत एका आजींनी दोन वाक्यांत सांगितला. त्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. "आमी लहान होतो तवा डोंगर असा नव्हता. निस्ता दगड. रोज एक मोळी, घरटी एक मोळी, कुठं ऱ्हाईल डोंगर?" मी विचारलं, आता गॅस आला ना. आजी हसल्या. "आला ना. सिलिंडर संपला की मग?" आणि मान डोंगराकडे वळवली. मग लगेच म्हणाल्या, "पडलेलं घेतो. उभं नाही तोडत." मला त्यांचं हे उत्तर कुठल्याही माहितीफलकापेक्षा पटलं.

डोंगराच्या कडेनं गवत पट्ट्यानं जाळून काढलेलं दिसलं. मुलगा घाबरला, वणवा लागला म्हणून. ती जाळरेषा. हिवाळ्यात गवत वाळायला लागलं की माणसंच आखून एक पट्टा जाळतात, म्हणजे उन्हाळ्यात खरा वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळत नाही. चार पोरं झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन कडेनं उभी होती, विस्तव पलीकडे गेला की झोडपायला. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. एकाला विचारलं, कंटाळा नाही येत? "येतो की," तो म्हणाला.

संध्याकाळी परतताना रातवा पक्षी रस्त्यावरच बसलेला, हेडलाइटमध्ये त्याचे डोळे निखाऱ्यासारखे. मामांनी गाडी बंद केली आणि तो उठेपर्यंत पाच मिनिटं आम्ही थंडीत बसून राहिलो. मागून एक टेम्पो आला. हॉर्न वाजवायच्या आत मामांनी खिडकीतून हात काढून त्यालाही थांबवलं.

जाणाऱ्यांसाठी : बोरगडाच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिकडे जायचं नाही आणि कॅमेरा त्या दिशेला करायचा नाही. पायथ्याशी फिरायलाच खूप आहे. पावसाळ्यानंतरचे दोन महिने उत्तम.

दुसरा दिवस : अंजनेरी आणि हरसूल

साडेपाचला निघालो. त्र्यंबक रस्त्यावर धुकं इतकं, की अंजनेरी गावाची कमान डोक्यावर आली तेव्हा दिसली. पायऱ्या चढता चढता उजाडलं. अर्ध्या वाटेवर बसून मामींनी दिलेली थालीपिठं काढली, आणि माकडानं डबा नेला. डबा, थालीपीठ, लोणी, सगळं. मामा एवढंच म्हणाले, "हनुमानाचं जन्मस्थान आहे, तक्रार कुणाकडे करणार?" तेव्हा सूचना इथेच देऊन टाकते : अंजनेरीवर खाणं हातात दिसता कामा नये. माकडांना द्यायचं तर मुळीच नाही, आधीच्या लोकांनी दिलं म्हणून आमचा डबा गेला.

अंजनेरी २०१७ साली राखीव संवर्धन क्षेत्र झालं. त्याचं एक कारण जमिनीखाली झोपलेलं असतं. सेरोपेजिया अंजनेरिका, कंदीलपुष्पाच्या कुळातली हातभरही नसलेली वनस्पती, इथल्या पठारावर सापडली आणि २००६ साली तिची नवी जात म्हणून नोंद झाली. पावसात उगवते, फुलते, आणि हिवाळ्यात नुसता कंद मातीखाली उरतो. म्हणजे आम्ही जिथे उभे होतो तिथे ती होती आणि दिसत नव्हती. मुलाला हे फारच आवडलं, तो उरलेला वेळ पाय उचलून उचलून चालला. गडावर गाडीरस्ता न्यायचा विचार पुढे आला तेव्हा नाशिककर निसर्गप्रेमींनी कडाडून विरोध केला. वर येताना धापा टाकणाऱ्या एका काकू म्हणाल्या, "रस्ता झाला असता तर बरं झालं असतं." माझ्या गुडघ्यांचंही तेच मत होतं. पण पठारावर पोचल्यावर काकू कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गाड्या इथवर आल्या असत्या तर इथे बसता आलं नसतं." म्हणजे मतं चढावर वेगळी असतात आणि पठारावर वेगळी.

साडेनऊनंतर उन्हानं कडा तापली आणि ज्यासाठी आलो ते सुरू झालं. समोरच्या कातळावर चुन्याचे फराटे ओढल्यासारखे पांढरे ओघळ होते. "ती शिट आहे," मामा म्हणाले, "घराचा पत्ता." लांब चोचीची गिधाडं कातळाच्या कपारीत घरटं करतात, वर्षाला एकच अंडं घालतात, आणि नर-मादी पाळीपाळीनं ते उबवतात. एक गिधाड कपारीतून निघालं, पंख न हलवता एक गिरकी घेतली आणि आमच्या खालून गेलं. गिधाडाची पाठ पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, एरवी आपण खाली आणि ते आकाशात ठिपका. तपकिरी पाठीवर ऊन पडलं तेव्हा ती चक्क सुंदर दिसली. मी तसं बोलले, तर मुलगा म्हणाला, "आई, ते मेलेलं खातं." मामा म्हणाले, "आपण काय जिवंत खातो?"

खाली उतरून हरसूलकडे. त्र्यंबकनंतर रस्ता वळणांचा, बाजूला साग आणि नागलीची कापलेली शेतं. हरसूलजवळ खोरीपाडा नावाचा पाडा आहे, तिथलं 'गिधाडांचं हॉटेल' मामांना दाखवायचं होतं. हॉटेल म्हणजे रानातली एक मोकळी जागा. गावात बैल-गाय मेली, की वनखात्याला कळवायचं. जनावराला मरण्याआधी घातक औषध टोचलेलं नाही ना याची खात्री करायची, ते इथे आणून टाकायचं, आणि मालकाला त्याचे पैसे मिळतात.

औषधाची भानगड थोडक्यात अशी. डायक्लोफिनॅक हे जनावरांचं वेदनाशामक. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. नव्वदच्या दशकापासून भारतातली लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवहून अधिक यात गेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात पोचतच राहिलं, म्हणून २०१५ साली मोठ्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३मध्ये असिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना चालतं. गोठ्यात पाच जनावरं असलेल्या माणसाला ही नावं तोंडपाठ असणं किती महत्त्वाचं आहे, हे मला तिथे कळलं.

आम्हाला जेवू घालणाऱ्या दादांना ती पाठ होती. जेवण त्यांच्या ओसरीवर : नागलीची भाकर, उडदाची घट्ट आमटी, खुरासणीची चटणी. ही चटणी आधी कडू लागते आणि तिसऱ्या घासाला हवीहवीशी वाटते. मुलानं तीन भाकरी खाल्ल्या. डोंबिवलीत तो दीड पोळीवर उठतो.

दादा म्हणाले, "पयले बैल मेला की कातडं काढून टाकून द्यायचे, नाही तर पुरायचे. आता फोन करतो. माझाच बैल गेला मागल्या साली. घरात रडारड, आन मी फोन लावतोय." ते थांबले. "बायको बोलली, तुला बैलापरीस गिधाड प्यारं. तसं नाही. पण पैसे मिळाले, दुसऱ्या बैलाला जोड झाले."

मी विचारलं, पैसे नसते मिळाले तर? दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तरी दिला असता. पण रागानं दिला असता." आमच्या चार दिवसांत मला यापेक्षा खरं कुणी काही सांगितलं नाही. बाहेरून येणाऱ्यांना गावकऱ्यांचं निसर्गप्रेम फार आवडतं, आणि त्याचा खर्च कोण सोसतं हे विचारायचं राहून जातं. दादांच्या घरात प्रेम आहेच. मेल्या बैलाचे पैसे आले की ते बिनरागाचं होतं, एवढंच.

गावाच्या वेशीवर वाघदेव आहे. लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, सूर्य, चंद्र, नाग, आणि शेंदराचे थर. दिवाळीच्या सुरुवातीला, आपली वसुबारस असते त्या दिवशी इकडे वाघबारस. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, देवाला नैवेद्य होतो, आणि वर्षभर आमची गुरं सांभाळ असं मागणं. दादांना विचारलं, वाघाला देव केलात, गिधाडाला का नाही? ते म्हणाले, "आहे की. जटायू नाही का?" खरंच, इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायूचं देऊळ आहे, सीतेसाठी लढता लढता तो तिथे पडला अशी श्रद्धा. नाशिककर मामांना हे आठवलं नाही याची त्यांना रात्रीपर्यंत चुटपुट लागली.

त्या दिवशी हॉटेल बंद होतं, म्हणजे कुणाचं जनावर मेलेलं नव्हतं. वर तीन गिधाडं घिरट्या घालून गेली. गेल्या महिन्यात काही पाहुण्यांनी "मेलेली गाय कधी असते?" असं विचारलं होतं, ते सांगताना दादा हसून हसून वाकले. जमिनीवर एक लांबलचक पीस पडलं होतं. मुलानं उचललं, मामांनी परत ठेवायला लावलं. गिधाडाचं पीस घरी नेणं हाही कायद्यानं गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा, पोरं खिशात घालतातच.

निघताना दादांच्या धाकट्यानं माझ्या मुलाला शाळेची खिडकी दाखवली. आत कपाटावर गलोलींचा ढीग. गुरुजींनी पोरांकडून एक-एक करून मागून घेतलेल्या. "माझी बी आहे त्यात," तो म्हणाला, "ती लाल रबराची. लय लांब जायची." आवाजात पश्चात्ताप कमी आणि अभिमान जास्त होता.

तिसरा दिवस : नांदूर मध्यमेश्वर

निफाडची थंडी वर्तमानपत्रात वाचलेली होती, अंगावर घेतली नव्हती. तिथल्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पहाटे काच खाली केली तर द्राक्षबागांमधून धूर. शेतकऱ्यांनी बागेत शेकोट्या केलेल्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. चहाच्या टपरीवर मुलासाठी माकडटोपी घेतली, मामांनी त्यांचा चॉकलेटी मफलर कानावरून आवळला. हा मफलर लक्षात ठेवा.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळाकाठी, चापडगावला आमचा गाईड उभा होता, विशीतला मुलगा, गळ्यात दुर्बीण. इथे आसपासच्या गावांतली पोरं शिकून गाईड झाली आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधला गेला, शेतीच्या पाण्यासाठी. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. पण शंभर वर्षं गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि बदकांना हवं तसं सगळं आपोआप जुळलं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी याला, राजस्थानातल्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध भरतपूरवरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, हे इथे चहावालाही सांगतो. १९८६ साली अभयारण्य झालं. आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा हीच, लोणारच्याही आधी.

मनोऱ्यावर चढलो तर खाली नुसता गलका. सूर्य यायचा होता, पाण्यावर वाफ. आधी आवाजच आले. मग गाईडनं स्कोप लावला आणि एकेक सांगायला लागला : चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक. वारकरी नावाचे पक्षी काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा लावून शेकड्यानं पोहत होते. लाल काड्यांसारख्या पायांवरचे शेकाट्ये चिखलात. ज्यानं ही नावं ठेवली त्याला मी मनात नमस्कार केला. अचानक सगळं पाणी एकदम उठलं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला होता. हजारो पंखांचा तो आवाज, मोठा पाऊस पत्र्यावर यावा तसा. मुलगा इतका गप्प मी झोपेतही पाहिलेला नाही.

गाईड म्हणाला, "ताई, माझे आजोबा जाळी लावून बदकं धरायचे. मला सांगतात, तू यांना नुसतं दाखवायचे पैसे घेतोस?" आजोबांना पटत नाही अजून? "पटतं. आता तेच मला उठवतात चारला." कुठल्या कोपऱ्यात कुठलं बदक उतरतं हे तो आजोबांकडूनच शिकला.

सगळं गोड नाही, तेही त्यानंच सांगितलं. ज्या गाळामुळे पक्षी आले त्याच गाळामुळे पावसाळ्यात पाणी मागे फुगतं, आणि वरच्या अंगाला चांदोरी-सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरतं. तिथल्या माणसाला हे बेटबिट कौतुकाचं वाटायचं कारण नाही. शिवाय शहराकडून येणारं पाणी, त्यावर पोसलेली पाणवेल. कालव्यांना पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी बदलते, काल पक्षी होते तिथे आज नसतात. म्हणून येण्याआधी स्थानिक गाईडला फोन करूनच या. सूर्योदयाला मनोऱ्यावर पोचा, रंगीत कपडे नकोत, आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आमच्या शेजारी एक गृहस्थ वाजवत होते, गाईडनं त्यांना 'साहेब' म्हणत म्हणत खाली उतरवलं.

दुपारी गाईडच्या मळ्यात जेवण, बाजरीची भाकरी, भरलं वांगं, आणि बागेतून नुकती तोडलेली द्राक्षं. तिथे विषय बिबट्याचा निघाला. ऊस वाढला की बिबट्याला तेच जंगल. मादी उसातच पिल्लं घालते आणि तोडणीला सापडतात ती उसातली पिल्लं. यांच्या उसात दोन सापडली होती. गाईडच्या वडिलांनी तोड थांबवली, वनखात्याच्या माणसांनी पिल्लं टोपलीत घालून तिथेच ठेवली, कॅमेरा लावला, आणि रात्री आई येऊन एकेक घेऊन गेली. "तिनं नेली तवा बरं वाटलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून पोरांना शाळेत मी सोडायला जातो." दोन्ही वाक्यं एकाच स्वरात. मग मामांकडे वळून, "साहेब, तुम्ही लाइटीतले ना? पाणी भरायला लाइट रात्रीची येते. अंधारात बिबट्या असतो आन मी असतो. ते दिवसा करा म्हणावं." मामांनी रिटायर झाल्याचं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही, त्यांना अर्धा तास उत्तरं द्यावी लागली.

मुक्कामाला येवला. मामी एसटीनं थेट तिथे आल्या होत्या. पैठणी. संध्याकाळचे दोन तास आम्ही मागाजवळ घालवले, त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की पदरावर मोर होते आणि मामांनी त्यांच्या पिसांत चूक काढली.

चौथा दिवस : ममदापूर

येवल्यापासून राजापूर-ममदापूरकडे गेलं की मुलूख एकदम बदलतो. पाणी संपतं. उघडा माळ, बोरीबाभळी, मधे कांद्याची आणि हरभऱ्याची शेतं. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं हे राखीव संवर्धन क्षेत्र काळविटांसाठी आहे. मात्र काळविटांना हद्द ठाऊक नाही आणि हरभरा आवडतो.

सात वाजता पहिला कळप. मोठा नर काळाभोर, पोट पांढरं, शिंगं पिळाची. माद्या मातीच्या रंगाच्या. एक मादी उगाचच उंच उडाली आणि तिच्यामागे सगळ्या उडत गेल्या, कुणी पाठलाग करत नसताना. मामींनी तोंडावर हात ठेवला. तीन दिवस आलो नाही ते चुकलं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसलं.

गावातल्या पारावर चहा झाला. उन्हाळ्यात माळावरचे पाणवठे टँकरनं भरावे लागतात. त्या दिवसांत हरणं पाण्यासाठी वस्तीकडे येतात, मग कुत्री मागे लागतात, नाही तर रस्ता ओलांडताना गाडीखाली जातात, नाही तर विहिरीत. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे, ती मिळायला लागणारा वेळ, यावर पारावरच्या मंडळींनी जे सुनावलं ते रास्त होतं. एवढं बोलून झाल्यावर त्यातलेच एक बाबा म्हणाले, "पण एक सांगतो, हरणाला इथं कुणी दगड मारत नाही."

साडेदहाला एकाचा फोन वाजला. विहिरीत हरीण पडलंय. पारावरची सगळी माणसं उठली, आम्हीही मागोमाग. हरभऱ्याच्या रानात विहीर, कठडा नाही, तीसेक फूट खोल, तळाला गुडघाभर पाणी आणि त्यात एक मादी थरथरत उभी. वनखात्याची माणसं जाळी घेऊन वाटेत होती, पण पारावरच्या बाबांनी आधी सगळ्यांना शंभर पावलं मागे पाठवलं. हे जनावर जखमेनं कमी आणि धसक्यानं जास्त मरतं. ओरडा नको, फोटो नको, गर्दी नको. जाळी आली, दोन पोरं दोरानं उतरली, मादीला झोळीत घेतलं. वरून कुणीतरी हळूच हाक दिली, "डोळे झाकायला कापड द्या, काळं असलं तर बरं." कुणाकडे गमछा होता तो पांढरा. मामांनी गळ्यातला मफलर काढून दिला.

वर आल्यावर तिची कुशी भात्यासारखी चालत होती. पाय मोडलेला नव्हता. सावलीत, डोळे बांधून, कुणी बोलायचं नाही, असे दहा मिनिटं. माझ्या मुलानं श्वासही रोखलेला. मग मफलर ओढून घेतला आणि सगळे बाजूला झाले. ती क्षणभर उभी राहिली, आणि मग तिथे नव्हतीच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायला नको होत्या. विहिरीचा मालक, साठीचा असेल, टाळ्या न वाजवता रान बघत फिरत होता. पन्नास माणसं त्याच्या हरभऱ्यातून आली-गेली होती. "हरणानं नाही एवढा तुम्ही तुडवला," तो म्हणाला. मामांनी माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यानं तुडवलेलीच रोपं उपटली आणि हिरव्या हरभऱ्याची एक जुडी मामींच्या हातात दिली, "गाडीत सोलाणे खा." मामींनी विचारलं, दादा, विहिरीला कठडा का नाही बांधत?

"बांधतो की यंदा," तो म्हणाला. मग लासलगाव ज्या बाजूला आहे तिकडे हात केला. "कांद्याला भाव लागला तर."